ज्याचा हात, त्याचाच दांडा

ज्या क्षणासाठी आम्ही आठवडाभर राबत असू, तो क्षण आमच्यापैकी कोणीही कधी पाहिला नाही. पापणी लवण्याच्या आत तो होऊन गेलेला असे. आधी तयारी आणि नंतर तपासणी. मध्ये एक धडाका आणि काचेपलीकडे एक पांढरा लखलखाट. नोकरीची अखेरची वर्षे मी या कामात घालवली. निवृत्त होऊनही मला घरात एका जागी बसवत नाही. चहा पुढ्यात येईपर्यंत उठून एकदा गॅलरीत आणि एकदा दारापर्यंत जाऊन येतो. पत्नी विचारते, "कशाची वाट पाहता हो?" मी पुन्हा एकदा दारापर्यंत जाऊन येतो.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एक खासगी कारखाना होता. पुढच्या भागात मोटारींचे सुटे भाग तयार होत. मागच्या शेडमध्ये एका संशोधन संस्थेसाठी विद्युतचुंबकीय तोफेचे प्रयोग चालत. त्या चाचणी विभागाचा मी प्रमुख होतो.

तोफ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यातले जवळजवळ काहीच आमच्याकडे नव्हते. स्फोटक नव्हते, धूर ओकणारी नळी नव्हती. तांब्याच्या दोन जाड, लांब पट्ट्या समोरासमोर घट्ट आवळलेल्या असत. त्यांच्यामधल्या फटीत अॅल्युमिनियमचा एक तुकडा ठोकून बसवायचा. त्याला सगळे ठोकळा म्हणत. एका पट्टीतून प्रचंड वीजप्रवाह सोडला की तो ठोकळ्यातून दुसऱ्या पट्टीत उतरतो आणि माघारी येतो. या फेरीत जे चुंबकीय बल निर्माण होते, ते ठोकळ्याला पुढे भिरकावते. मोठ्या तोफेत ठोकळ्यापुढे प्रक्षेपक बसवतात. तो ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने निघतो. इतक्या वेगाने की त्यात स्फोटक भरण्याची गरज राहत नाही, नुसते आदळणे पुरते. हे वाक्य मी पाहुण्यांना पुष्कळदा समजावून सांगितले. कोणावर आदळणे, हे एकानेही विचारले नाही.

आमची तोफ लहान होती. तिचा ठोकळा तळहातावर मावे, आणि वाळूने भरलेल्या पोलादी पेटीत जाऊन विसावे. अडचण पट्ट्यांची होती. ठोकळा त्यांना घासत, वितळत, ठिणग्या पाडत जाई आणि जाता जाता तांबे सोलून काढी. प्रत्येक बारानंतर पट्ट्या उघडायच्या, पाहायच्या, पुन्हा घासून सपाट करायच्या, आणि पुन्हा आवळायच्या. एका बारासाठी एवढी उस्तवार लागे की कधीकधी मला वाटे, आम्ही तोफ चालवत नसून तिची शुश्रूषा करीत आहोत.

एवढी वीज तारेतून थेट घेता येत नाही. कणगीत धान्य साठवावे तशी ती कपॅसिटरमध्ये साठवायची आणि एकदम ओतायची. कपॅसिटर म्हणजे पत्र्याची बंद डबडी; आमच्याकडे त्यांची एक अख्खी रांग होती. ती भरत असताना शेड रिकामी करून आम्ही शेजारच्या खोलीत जात असू. साठलेली वीज दाखवणारा काटा चढत जाई. मी हात पँटला पुसून पुन्हा मागे बांधीत असे.

आवाज भिंतीबाहेर जाई, त्यामुळे बातमीही जाई. वैजापूरचे एक कांदा व्यापारी गारांचे ढग फोडता येतील का, असे विचारून गेले. सिल्लोडहून एक मक्याचे बागायतदार थेट फाटकाशी आले.

"साहेब, तुमच्याकडं इजेवरची तोफ हाय म्हणं."

"आहे."

"लायसन लागतं का तिला?"

"तुम्हाला कशासाठी हवी?"

"रोही लई झालेत. मका ठेवत नायत. जीव नाय घ्यायचा त्यांचा, निस्तं भेव घालायचं."

रोही म्हणजे नीलगायी. मी त्यांना सांगितले की या तोफेला एक बार उडवायला अख्खा दिवस लागतो, कधी दोन. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "म्हंजी रोही मका खाऊन, रवंथ करून, घरला जाऊन झोपंल, तवा तुमची तोफ वाजंल?" नमस्कार करून ते निघून गेले. आमचा तंत्रज्ञ नवनाथ ही हकिकत पुढे कित्येक दिवस साभिनय सांगत असे. पट्ट्या घासताना कोणी रेंगाळले की म्हणे, "आटपा, रोही निघालं घराकडं."

नवनाथ कन्नडजवळच्या एका वस्तीवरचा. घरचा धंदा मेंढ्यांचा. वडील त्या काळातही कळप घेऊन हिंडत होते. आयटीआय करून दरमहा पगार घेणारा तो त्या घरातला पहिला. त्याला घडवले ते आमच्या रहीमचाचांनी. चाचा मूळचे शहरातले, विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करण्यापासून वर आलेले, शेडमधले सर्वांत जुने फिटर. कारखान्याचे मालक त्यांच्यापुढे लहानाचे मोठे झालेले. त्यांना चाचा म्हणत नसे असा माणूस कारखान्यात नव्हता. मीही म्हणत असे.

शेडचा एक नियम चाचांनी घातला होता. कपॅसिटर रिकामा दिसतो, म्हणून तो रिकामा असतोच असे नाही. काटा शून्यावर आला तरी आत वीज दबा धरून राहू शकते. म्हणून बार झाल्यावर आत जाणाऱ्याने प्रथम अर्थिंगचा दांडा लावायचा. लांब, वीजरोधक दांडा, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून जमिनीत गेलेली जाड तार. आकडा अडकवला की उरलीसुरली वीज जमिनीत जाते. ज्याचा हात आत जाणार असेल त्यानेच दांडा लावायचा. दुसऱ्याने लावलेल्या दांड्यावर विसंबायचे नाही, दुसऱ्याच्या हातातला दांडा घ्यायचाही नाही. चाचा नव्या माणसाला समोर उभे करून वदवून घेत: "ज्याचा हात, त्याचाच दांडा." पाठ म्हटल्याशिवाय त्याला पाना मिळत नसे.

संस्थेला अधिक वेग हवा होता. म्हणून आम्ही पहिल्या रांगेच्या मागे कपॅसिटरची दुसरी रांग उभी केली आणि मागच्या भिंतीला तिचा स्वतंत्र दांडा टांगला.

दोन्ही रांगा एकत्र जोडून केलेल्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक होती ती. सकाळची वेळ होती. बार उडाला, पण नेहमीचा कडाड आवाज आलाच नाही. पोत्यावर काठी मारल्यासारखा दबका आवाज आला. ठोकळा मध्येच अडकला होता. मी ठरलेला वेळ जाऊ दिला. दोन्ही रांगांचे काटे शून्यावर होते. मी दार उघडण्याची परवानगी दिली आणि काट्यांची नोंद करण्यासाठी वळलो. आत जे बोलणे झाले, ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळे कळले, आणि त्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

चाचांनी पुढच्या रांगेचा दांडा उचलला होता. त्यांचे गुडघे दुखत. मागून नवनाथ आला.

"चाचा, द्या इकडं. तुम्ही कशाला वझं उचलता?"

"अरे, मैं लगातूं ना."

"द्या हो."

आमच्या भागात वडीलधाऱ्या माणसाच्या हातात काही असताना धाकट्याने मोकळ्या हाताने चालू नये, अशी रीत आहे. पिशवी असो, घागर असो की खुर्ची. ती घ्यायची असते. न घेणाऱ्याला लोक नावे ठेवतात, आणि त्याच्या आईबापांनाही. नवनाथने दांडा घेतला तो या रीतीने, आणि चाचांनी दिला तोही याच रीतीने. नवनाथने तो पुढच्या रांगेला लावला. त्याला वाटले, चाचा मागे निघालेच आहेत, मागचा दांडा ते लावतील. चाचांना वाटले, दांड्यांचे काम याने अंगावर घेतले, म्हणजे दोन्हींचे घेतले. मागच्या रांगेचा एक जोड त्यांना काळवंडलेला दिसला. ते वाकले आणि त्यांनी जोडाला पाना लावला.

नोंदवहीवर पांढरा उजेड पडला. मी मान वर करण्यापूर्वी आवाजही होऊन गेला होता.

नंतर उलगडा झाला तो असा. अडकलेल्या बाराच्या झटक्याने मागच्या रांगेचा फ्यूज गेला होता. त्यामुळे ती बाकीच्या जोडणीपासून तुटली आणि भरलेलीच राहिली. काटा फ्यूजच्या अलीकडे, तोफेच्या बाजूला होता. त्याने खोटे सांगितले नव्हते; त्याच्यापर्यंत वार्ता पोचलीच नव्हती. नेमका अशाच प्रसंगासाठी तो नियम होता.

पान्याचे तोंड वितळून गेले. चाचा मागे फेकले गेले. उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. नवनाथने त्यांना पाठुंगळी घेतले आणि फाटकाशी उभ्या असलेल्या जीपपर्यंत तो धावत गेला. वाटेत तो एकच वाक्य बोलत होता: "मी लावला होता. मी लावला होता."

हात वाचला. दोन बोटे पुन्हा वाकली नाहीत.

शेडला कुलूप लागले. संस्थेने चौकशी जाहीर केली. मला घरी बसवेना, म्हणून मी रोज शेंद्र्याला जाई आणि बंद शेडला फेऱ्या घाली. मालकांनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला बोलावले.

"नवनाथला काढावे लागेल. संस्थेपुढे कोणीतरी जबाबदार म्हणून उभा करायला हवा, नाहीतर काम जाईल."

"नियम दोघांनी मोडला आहे," मी म्हणालो. "घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही."

"चाचांना मी काढणार नाही. ते माझ्या वडिलांच्या वेळचे आहेत. आणि हात त्यांचा जळलाय."

"मग कोणालाच काढू नका."

"नियम इतका सोपा होता," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातातला दांडा घ्यायचा नाही. न घेण्यात अवघड काय आहे?"

विजेच्या अपघाताचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला आमच्या वसाहतीत कोणी दारात उभे करीत नसे. नवनाथपुढे परत मेंढ्यांमागे जाण्याखेरीज मार्ग उरला नसता. हे मालकांना ठाऊक होते, मलाही होते. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील फाटकाशी येऊन बसले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला पाहताच ते उभे राहिले.

"चूक काय केली त्यानं, साहेब?"

"चाचांच्या हातातला दांडा घेतला."

त्यांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. "मोठ्या मान्साच्या हातातलं घ्यावं, आसं तर मीच शिकवलं त्याला."

मी त्यांना चहा सांगितला. त्यांनी तो घेतला नाही.

संध्याकाळी मी रुग्णालयात गेलो. चाचांचा हात पट्टीत बांधून वर टांगलेला होता. मी बसण्याआधीच ते बोलू लागले.

"उसकू नक्को निकालो, साब. उसने अदब किया, मैंने कबूल किया. गलती दोनों की, आधी-आधी."

"हे चौकशीत सांगाल?"

"सबके सामने?"

"सगळ्यांसमोर."

तो नियम त्यांचा होता. शेडमधल्या प्रत्येकाने तो त्यांच्यासमोर उभे राहून म्हटला होता. आता त्याच माणसांसमोर त्यांनी सांगायचे, की तो मी मोडला.

"बोलूंगा," ते शेवटी म्हणाले. मग चेहरा फिरवून म्हणाले, "मेरे बोलने से होता क्या, साब? सब कहेंगे, चाचा का दिल बड़ा है."

तसेच झाले. चौकशीसाठी संस्थेचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ आले. वयाने ते आम्हा सर्वांहून मोठे. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. चौकशी कार्यालयात न घेता शेडमध्ये, प्रत्यक्ष जागेवर घ्यावी, असा मी आग्रह धरला. दोन्ही रांगा आधी रिकाम्या करून मी स्वतः तपासल्या. चाचा गळ्यात झोळी बांधून आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत सांगितले. आवाज स्थिर होता. नवनाथ भिंतीशी उभा होता. त्याने मान वर केली नाही.

"चाचा मोठ्या मनाचे आहेत," मालक म्हणाले. "ते याला पाठीशी घालणारच. पण सर, चाचांनी मदत मागितली नव्हती की 'घे' म्हटले नव्हते. याने ओढून घेतला. नियम पाठ असलेल्या माणसाने."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला. दोन्ही रांगांमधून एकदा चालून आले. मग म्हणाले, "मला क्रम बघू द्या. मी आत शिरतो आहे असे समजा." त्यांनी पुढच्या रांगेजवळचा दांडा उचलला. दांडा लांब होता आणि मागे जाड तार फरफटत होती. म्हातारा माणूस, दुसऱ्या पावलालाच तार पायात आली आणि ते किंचित अडखळले.

मालक झटकन पुढे झाले. "सर, आपण कशाला? द्या इकडे."

आणि डॉक्टरसाहेबांनी दांडा दिला.

डॉक्टरसाहेबांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिले, मग मालकांच्या हातातल्या दांड्याकडे.

"आता मी आत हात घालू का?" त्यांनी विचारले.

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते दांडा घेऊन तसेच उभे राहिले. तो कोठे ठेवावा हे त्यांना सुचेना. परत द्यावा तरी पंचाईत, धरून ठेवावा तरी पंचाईत. शेवटी चाचाच म्हणाले, "भिंत से टिका दो, बाबा." मालकांना चाचा त्यांच्या लहानपणापासून बाबा म्हणत.

ही युक्ती माझी होती, असे नंतर काहींनी म्हटले. ती नव्हती. मी इतका चतुर कधीच नव्हतो. मी फक्त जागेवर उभे राहून बोला, एवढेच सांगितले होते.

नवनाथ राहिला. मालकांनी त्याला काढण्याचा विषय पुन्हा काढला नाही, आणि ते पुढे मोठ्या मनाने वागले हेही नमूद केले पाहिजे. बदलली ती व्यवस्था. दांड्यांच्या तारा आखूड करून ते रांगांपाशीच जखडले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे कुलूप दिले. स्वतः दांडा लावून त्यावर आपले कुलूप घातल्याखेरीज कपॅसिटरपुढचे जाळीचे दार उघडेनासे झाले. दुसऱ्याचे कुलूप कोणाला घालता येत नसे. माणसाची रीत मोडता येत नाही, हे मी तेव्हा शिकलो. तिच्या वाटेत लोखंड उभे करावे लागते.

तोफेचे म्हणाल, तर ती मोठी झाली नाही. पट्ट्या टिकेनात. काही काळाने संस्थेचे लक्ष दुसरीकडे वळले. तोच वेगवान प्रक्षेपक साध्या तोफेतून डागता येईल का, याचा विचार सुरू झाला. आम्ही ज्यासाठी झिजलो त्या पट्ट्या मागे पडल्या आणि प्रक्षेपक पुढे गेला. मला याचे वाईट वाटते की नाही, हे मी ठरवू शकलेलो नाही. शस्त्र होते ते. पण काम म्हणून पाहिले तर अर्धवट राहिले, आणि अर्धवट राहिलेले काम माणसाला बसू देत नाही.

त्याआधीची, चाचा कामावर परतले त्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली. त्यांना हलके काम दिले होते. शेडच्या दाराला चार-पाच उंच पायऱ्या होत्या. सकाळी मी दाराशी उभा होतो, नवनाथ माझ्या शेजारी. चाचा खालून येत होते. उजवा हात छातीशी धरलेला, डाव्या हातात डबा आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी. कठड्याला धरायला हात उरला नव्हता. पहिल्या पायरीवरच त्यांचा गुडघा लचकला.

नवनाथ खाली धावला. हात पुढे झाला, पिशवीच्या बंदापर्यंत गेला, आणि थांबला. मग त्याने दोन्ही हात मागे नेऊन घट्ट बांधले.

"क्या रे?" चाचा म्हणाले. "डब्बा है ये. भेंडी की भाजी है. करंट नहीं भरा इसमें."

"नाय, चाचा. तुमचं तुम्हीच घ्या."

"अब्बे, पकड़ ना."

"नाय."

चाचांनी माझ्याकडे पाहिले. नवनाथनेही पाहिले.

"घे, नवनाथ," मी म्हणालो.

त्याने पिशवी घेतली नाही. चाचांच्या एक पायरी खाली, त्यांचा तोल गेलाच तर सावरता येईल इतक्या अंतरावर, तो मागे हात बांधून एकेक पायरी चढत वर आला.

त्या शेडमध्ये माझा आदेश कोणी मोडल्याची तेवढी एकच वेळ. मी बाजूला होऊन दोघांना आत जाऊ दिले.